दुपारचे बाई

रविवारी सकाळी कुणी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग गन तापवत बसलं, तर कुठल्याही घरच्या बाईचं डोकं फिरेल. राजसबाईंचं फिरलं नाही. त्यांना काळजी होती ती वेगळीच, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. चिंच कोळायची अर्धवट सोडून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि टेबलावरच्या त्या हिरव्या बोर्डाकडे एकटक बघत होत्या.

चेन्नईतल्या पेरुंगुडीचा हा फ्लॅट त्यांच्या मुलाचा, कार्तिकचा. कार्तिक आणि त्याची बायको नंदिता दोघंही सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. टेबल अडवून बसला होता तो इळंगो, कार्तिकच्याच टीममधला. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात, दाढी वाढलेली, असा एकूण गबाळा कारभार. हात मात्र सोनाराचे. ह्या इळंगोला एक वेड होतं. जुने व्हिडिओ गेम, ज्यांची मशीनं कधीच भंगारात गेली, ते तो आजच्या कॉम्प्युटरवर पुन्हा खेळते करायचा. कॉम्प्युटरला त्या जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. जुन्या बोर्डावरच्या चिपांमध्ये जे भरलेलं असेल ते उतरवून त्या प्रोग्रॅमला दिलं, की कॉम्प्युटर बिचारा निमूटपणे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन होऊन बसतो. जगभरातली अशी रिकामटेकडी माणसं हे काम एकमेकांत वाटून घेतात आणि कुणी एक पैसाही घेत नाही. रिकामटेकडी म्हटलं खरं, पण ह्यांच्यासारखे लोक नसते तर कितीतरी गोष्टी निव्वळ आळसानं मेल्या असत्या.

अशा जुन्या खेळांत एक होडीचा गेम होता. त्याचं नाव कुणालाच आठवत नव्हतं, कारण मशीनवरचा कागद पहिल्याच वर्षी सोलवटून गेला होता. इळंगोच्या लहानपणी ट्रिप्लिकेन भागातली पोरं त्याला 'पडगु गेम' म्हणायची. पडगु म्हणजे होडी. एक नावाडी, एकामागून एक नद्या, मगरी, ओंडके, भोवरे. इंटरनेटवर ह्या खेळाची एकच प्रत फिरत होती आणि ती नेमकी बिघडलेल्या चिपेवरून उतरवलेली. सातव्या नदीशी पोचलं की होडी, नदी, सगळं चित्रच फुटायचं. एखादा धडका बोर्ड मिळावा म्हणून इळंगो कितीतरी वर्षं धडपडत होता. आणि एक दिवस कँटीनमध्ये तो हीच कर्मकथा सांगत असताना कार्तिक सहज म्हणाला, की होडीचा गेम ना, आमच्या अप्पांच्या दुकानात होता, त्याचा बोर्ड घरात पडलाय बहुतेक.

इळंगोनं हातातला डोसा खाली ठेवला. "तुझे अप्पा म्हणजे गेम-कडैचे जनकोजी सार?"

कडै म्हणजे दुकान. त्याचं सगळं लहानपण ह्याच जनकोजींच्या दुकानात गेलं होतं. ट्रिप्लिकेनला थिएटरमागच्या बोळात चार मशीनांचं ते दुकान. आणि त्यांच्याच मुलाशेजारी हा दोन वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसला होता. ऑफिसात माणसं एकमेकांना पासवर्ड सोडून काही विचारत नाहीत, त्याला कोण काय करणार.

जनकोजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. दुकान तर त्याच्या कितीतरी आधी, घरोघरी गेमचे डबे आले तेव्हाच बंद पडलेलं. बाकीची मशीनं त्यांनी विकली, पण हा एक बोर्ड जुन्या धोतरात गुंडाळून परणावर, म्हणजे आपल्या पोटमाळ्यावर, ठेवून दिला होता. ट्रिप्लिकेनचं घर सोडून पेरुंगुडीला येताना राजसबाईंनी अर्धा संसार वाटून टाकला, तरी ते गाठोडं मात्र बरोबर आणलं. का आणलं, ते विचारायचं कार्तिकला सुचलं नाही.

इळंगोनं बोर्ड एका जुन्या टीव्हीला जोडला आणि वायरी नीट करता करता तमिळमध्ये गोष्ट सांगायला लागला.

"अम्मा, ह्या मशीनवर पहिला नंबर एकाच माणसाचा असायचा. बी, ए, आय. आम्ही पोरं शाळा संपवून कॉलेजात गेलो, तरी तो आकडा कुणाला हलवता आला नाही. सारना विचारलं की ते म्हणायचे, बाई दुपारी येतात, तेव्हा तुम्ही शाळेत असता. त्या माणसाला एकदा बघायचं म्हणून मी दोनदा शाळा बुडवली."

"मग दिसला?" कार्तिकनं विचारलं.

"कुठला. काऊंटरवर तुझी आई बसलेली. तिनंच मला घरी हाकललं."

कार्तिक हसला. राजसबाई हसल्या नाहीत.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. चेन्नईत मुसलमान गृहस्थाला आदरानं भाई म्हणतात. आणि तमिळ लिपीत भ नाही, तमिळ कानालाही त्याची फारशी गरज पडत नाही. तेव्हा भाई म्हणा की बाई म्हणा, बोळातल्या सगळ्या पोरांना कळलं ते एकच: कुणी एक भाई आहेत, ते दुपारी येतात, आणि त्यांना हरवणं माणसाच्या हातचं नाही. इळंगोनं हे इतकं मनावर घेतलं होतं, की गेल्याच महिन्यात तो त्या बोळाच्या तोंडाशी छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काजा मोहिदीन भाईंच्या पाया पडून आला होता. म्हाताऱ्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण एवढ्या आदरानं कुणी आलंय तर त्याला नाही कशाला म्हणा, म्हणून त्यांनी चहा पाजला, आशीर्वाद दिला आणि एक छत्री गळ्यात मारली.

खरी हकिगत फक्त दोघांना ठाऊक होती, आणि त्यातले एक आता नव्हते.

दुपारी राजसबाई नवऱ्याचा डबा घेऊन दुकानात जायच्या. जनकोजी जेवून बाकावर आडवे व्हायचे आणि त्या काऊंटरवर बसायच्या. तेव्हा दुकानात चिटपाखरू नसायचं. एक दिवस जनकोजींनी पडल्या पडल्या एक टोकन त्यांच्याकडे टाकलं आणि म्हणाले, "माशा काय मारत बसलींस, जा, मगरी चुकव." पहिल्या दिवशी त्या पहिल्याच नदीत बुडाल्या. दुसऱ्या दिवशीही बुडाल्या. मग मात्र त्यांना चेव आला. घरी सांबाराला फोडणी देताना त्यांच्या डोळ्यांपुढे ओंडके यायला लागले. आणि ज्या दिवशी मशीननं पहिल्यांदा नाव विचारलं, तीनच अक्षरं मागितली, त्या दिवशी त्या गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवरा त्यांना कायम 'बाई' म्हणून हाक मारायचा. जनकोजींनी बाकावरून उठून तेच लिहिलं.

त्या तीन अक्षरांचं राजसबाईंना फार अप्रूप होतं. त्यांना सगळे ओळखत ते कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी सून म्हणून. इथं मात्र त्यांच्या एकटीचं असं काहीतरी सगळ्यांच्या वर लिहिलेलं होतं, आणि ते त्यांनी स्वतः मिळवलं होतं. बाहेर सांगायची मात्र चोरी. सासरे तुळजाजी कडक. मुलानं व्हिडिओचं दुकान काढलं ह्याचाच त्यांना आयुष्यभर राग, त्यात सून तिथं मशीनचा दांडा धरून खेळते म्हटल्यावर घरात काय झालं असतं ते सांगायला नको. सासरे गेले, दुकान गेलं, पण न बोलायची सवय तशीच राहिली. आणि आज इळंगो तो बोर्ड उघडायला निघाला होता.

टीव्हीवर चित्र आलं. निळी नदी, पिवळी होडी, आणि मग पाच नावांचा तक्ता. सगळ्यांत वर ती तीन अक्षरं.

नंदिता कॉफीचे पेले घेऊन आली. ती नाशिकची, लग्नानंतर चेन्नईला आलेली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या ह्या घरातलं सासूचं जुनं मराठी ऐकून सुरुवातीला ती तोंड लपवून हसायची, आताशा तिच्याही तोंडात कधीकधी 'म्हणून' भलत्या जागी यायचं. तिनं तक्ता बघितला आणि वाचला तो असा:

"बाई. कोण बाई?"

"बाई नाही गं, भाई," कार्तिक म्हणाला. "इतका वेळ काय सांगतोय तो?"

"भाईला एच नको?"

"चेन्नईत नको."

स्वतःच्या आईच्या नावात जे आहे ते डोळ्यांपुढे असून ह्या मुलाला दिसू नये, ह्याला काय म्हणावं. तो मराठी घरात वाढला खरा, पण वाचायला शिकला तमिळ शेजारात. नंदितानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. राजसबाईंनी घाईनं पाठ फिरवली आणि भांड्यातली चिंच उगाच पुन्हा कोळायला घेतली.

"आता बघा," इळंगो म्हणाला, "ही बॅटरी गळायला लागलीय. ती आधी काढतो, नाहीतर बोर्ड खाऊन टाकेल. मग चिपा काढून वाचतो. बॅटरी काढली की हा स्कोअर पुसला जाईल, पण इलाज नाही. खेळ वाचला म्हणजे मिळवलं." त्यानं मोबाईलवर तक्त्याचा एक अंधुकसा फोटो काढला, प्लग काढला आणि गन उचलली.

राजसबाईंना वाटत होतं की गप्प राहावं. तिघंही हसतील. कार्तिक ऑफिसात सांगेल, आणि ह्या वयात आपलं हसं होईल. शिवाय हा बिचारा इतकी वर्षं एका भाईंच्या मागे लागलाय, त्याच्या भाईंची अशी सांबारवाली बाई करून टाकायची? गप्प राहिलं तर काय जाणार होतं, तीन अक्षरं. पण ती तीन अक्षरं जाणार म्हटल्यावर त्यांचे पाय आपोआप टेबलापाशी आले.

"थांब पा. ते काढूं नको. ते माझं आहे."

"बोर्ड तुमचाच आहे, अम्मा," कार्तिक म्हणाला. "तो परत देणार आहे."

"बोर्ड नव्हे. वरचं नांव. भाई म्हणून कोण नव्हते. दुपारीं मी खेळत होतें. तें बाई म्हणजे मी."

कार्तिकचं तोंड उघडं राहिलं. इळंगोला मराठीतलं काही कळलं नव्हतं. तो एकदा कार्तिककडे, एकदा राजसबाईंकडे बघत होता. शेवटी नंदिता, जिचं तमिळ रिक्षावाल्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं, ती त्याला म्हणाली, "इळंगो, बाई इवंगदान." ह्याच त्या.

इळंगो हसला नाही. त्यानं गन स्टँडवर ठेवली आणि शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. मग त्यानं विचारलं, आणि त्यात परीक्षा घेण्याचा भाव अजिबात नव्हता, वर्षानुवर्षं पोटात राहिलेला प्रश्न होता तो:

"अम्मा, सातव्या नदीतला मधला भोवरा कसा चुकवायचा?"

"चुकवायचा नाही," राजसबाई त्याला तमिळमध्ये म्हणाल्या. "होडी थेट आत घालायची आणि दांडा सोडून द्यायचा. हात लावायचा नाही. भोवराच होडीला फिरवून पलीकडे टाकतो."

"आम्ही सगळे चुकवत होतो," इळंगो म्हणाला. "शाळा बुडवून आलो तेव्हा तुम्हीच समोर होता, आणि मी तुम्हाला विचारलं, भाई गेले का?"

"मी सांगितलं, गेले."

तेव्हा मात्र सगळेच हसले, आणि राजसबाईंच्या लक्षात आलं की हसं व्हायची आपल्याला जी भीती होती ती ही नव्हे.

मग इळंगोनं बोर्ड उलटा करून खिडकीशी नेला. स्कोअर वाचवायचा तर आता काम वेगळ्या तऱ्हेनं करावं लागणार होतं. तो बराच वेळ बॅटरीच्या जागेकडे बघत राहिला.

"कार्तिक, ही मूळची बॅटरी नाही. कुणीतरी बदललीय. एकदा नाही, बऱ्याच वेळा. सोल्डरचे थरावर थर आहेत. आणि हिच्यावर साल छापलंय ते तुमचं दुकान बंद झाल्यावर खूप नंतरचं आहे."

"अप्पा चालू ठेवत असतील मशीन."

"बॅटरी नसली तरी मशीन चालतं. बॅटरी लागते ती फक्त स्कोअर राखायला." त्यानं नखानं दोन बारीक डाग दाखवले. "आणि हे बघ. जुनी काढायच्या आधी इथं दुसरी जोडून घेतलीय, दर वेळी. मधे क्षणभरही खंड पडू नये म्हणून. नुसतं मशीन राखणारा माणूस एवढं करत नाही."

राजसबाईंनी खुर्ची ओढली. दर काही वर्षांनी जनकोजी परणावर चढून ते गाठोडं काढायचे आणि रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेऊन जायचे. ओल लागलीय का ते दाखवून आणतो, म्हणायचे. त्या चिडायच्या, की विकून टाका ते भंगार, ह्या वयात स्टुलावर चढून पाय मोडून घ्याल. ते हूं म्हणून निघून जायचे. शेवटचे तिकडे गेले तेव्हा त्यांना धापही लागत होती.

"हे मला कधीं सांगितले नाहींत," त्या हळू म्हणाल्या.

नवऱ्याचे आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती, नवऱ्यानं बायकोचे मानायची तर नव्हतीच. पण त्या बसल्या जागी राजसबाईंना इतकं भरून आलं, की कुणाला काही वाटो, त्यांनी त्या बोर्डापुढे सरळ हात जोडले. आपलं एवढंसं काहीतरी पुसलं जाऊ नये म्हणून एक माणूस स्टुलावर चढत राहिला, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. नंदिता त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

इळंगोनं मग जनकोजींच्याच पद्धतीनं काम केलं. आधी नवी बॅटरी जोडली, मग जुनी सोडवली. स्कोअर ज्या चिपेत होता ती काढायची नव्हती, बोर्डाला वीज चालू ठेवून तिच्या पायांना चिमटा लावायचा आणि तशीच वाचायची. हात हलला तर सगळं गेलं. कार्तिकनं वायरी हलू नयेत म्हणून पंखा बंद केला. नंदितानं मिक्सर लावायचा थांबवला. चेन्नईच्या उकाड्यात चौघंही घामानं निथळत लॅपटॉपवरचे आकडे सरकताना बघत राहिले. राजसबाईंना कधी काळी सातव्या नदीतही एवढी धडकी भरली नव्हती.

आकडे थांबले. इळंगोनं श्वास सोडला, बाकीच्या चिपा एकेक करून उतरवल्या आणि सगळं इम्युलेटरच्या पोटात घातलं. लॅपटॉपच्या लखलखीत पडद्यावर तीच निळी नदी आली, तीच पिवळी होडी, आणि तक्त्यात सगळ्यांत वर बाई.

"वाचलं, अम्मा," तो म्हणाला. "आता हे कुठल्या बॅटरीवर अवलंबून नाही. जगात ज्याला होडी खेळायची असेल त्याला तुमचा आकडा दिसेल."

राजसबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "भलं होऊं दे तुझं," त्या म्हणाल्या, आणि हे त्याला मराठीतलं असूनही कळलं.

इळंगो अजून चिपेतलं चाळत होता. "मालकाला बघायला म्हणून हे मशीन शेवटच्या काही खेळणाऱ्यांचीही नोंद ठेवायचं. ती पडद्यावर कधी येत नाही, आत असते. पण इथं सगळीकडे एकच नाव आहे. जे, ए, एन. कोण हा? वाईट खेळायचा हो. दर वेळी तिसऱ्या नदीत बुडालाय."

कार्तिकनं आईकडे पाहिलं. ह्या वेळी त्याला अक्षरं बरोबर वाचता आली होती.

मला असला पोरखेळ जमत नाही, असं जनकोजी जन्मभर म्हणत आले. दांड्याला त्यांनी हात लावलेला राजसबाईंनी कधी बघितला नव्हता. रिची स्ट्रीटच्या कुठल्याशा दुकानात, नवी बॅटरी बसली का ते बघायला म्हणून, ते दर वेळी एक डाव खेळत होते. आपलं नाव लिहीत होते, आणि बायकोच्या नावाच्या जवळपासही पोचत नव्हते.

राजसबाई पडद्याजवळ सरकल्या आणि ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. डोळे पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही.

"तिसऱ्या नदींत ओंडके डावीकडून येतात," त्या म्हणाल्या, कार्तिकला नव्हे, इळंगोला नव्हे. "हे मला विचारले असते तर सांगितलें असतें कि."